नाताळात दोघांनीच पाच दिवस पायी: उपासना, चालण्याचा वेग आणि आणाभाका कशा जमवाव्यात?

पाठपिशवी (प्रश्न)

लग्नाला यंदा ३५ वर्षं होतात. दोघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे, दोघंही कॅथलिक, रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सहसा न चुकवणारे. मुलं मार्गी लागली आहेत. नाताळात घरी पाहुण्यांचा राबता ठेवण्याऐवजी दोघांनीच डोंगरातली एक वाट चालावी असा बेत आहे. २२ ते २६ डिसेंबर, रोज साधारण १२ किलोमीटर, रोजचा चढ ६०० मीटरपर्यंत, सर्वांत उंच जागा २,८०० मीटर. चार मुक्कामांपैकी तीन निवाऱ्यात, एक तंबूत. रात्री पारा शून्याखाली जातो. चालायची सवय दोघांनाही आहे, सलग पाच दिवसांची नाही.

अडतंय ते असं. वाटेवर चर्च नाही, मग २५ तारखेचं काय? दोघांच्या वेगात बराच फरक आहे, एकाचे गुडघे उतारावर कुरकुरतात आणि एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. २५ला पहाटे दोघांनीच लग्नाच्या आणाभाका पुन्हा घ्याव्यात असं मनात आहे, ते योग्य आहे का? आणि मुलं थोडी हिरमुसली आहेत. जाणकारांनी मुद्द्याचं सांगावं.

---

चौथी_मेणबत्ती

पहिलं मत असं की तारखा सरकवा. २५च्या आधीचे दिवस आगमनकाळाचे, वाट पाहण्याचे. सण २५ला सुरू होतो, अष्टक, म्हणजे सणाचे आठ दिवस, १ जानेवारीपर्यंत चालतं आणि प्रकटीकरणाचा, म्हणजे ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण परंपरेने ६ जानेवारीला येतो. बाजारातला नाताळ २५च्या संध्याकाळी संपतो, चर्चमधला तेव्हा नुकता सुरू झालेला असतो. २४ची रात्र आणि २५ घरी, मुलांसोबत, आपल्या चर्चमध्ये घालवून २६ला निघालात तर मुलांची समजूतही निघते आणि सगळी वाट नाताळातच चालून होते.

यात एक मेख आहे, ती म्हणजे रविवार. २५ तारीख रविवारी किंवा सोमवारी आली तरच २६ ते ३० हे पाच दिवस रविवाराविना निघतात. बाकीच्या वर्षी मधे कुठेतरी रविवार येतो, आणि तो साधा नसून पवित्र कुटुंबाचा (येशू, मरीया, योसेफ यांचा) सण असतो. तेव्हा निघण्याचा किंवा पोचण्याचा दिवस रविवारी येईल असं बघा. २५ सोमवारी असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. २४ हा आगमनकाळाचा चौथा रविवार होतो आणि रविवारची एक, नाताळची एक अशा दोन मिस्सा लागतात. २४च्या संध्याकाळच्या एकाच मिस्सेत दोन्ही उरकत नाहीत.

तारखा हलवणं अगदीच शक्य नसेल तर कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम १२४८ बघा. आदल्या संध्याकाळची मिस्सा चालते. गंभीर कारणाने तीही अशक्य झाली तर शब्दाची उपासना (बायबल वाचनाची प्रार्थना) करावी किंवा कुटुंबाने एकत्र प्रार्थनेत योग्य तेवढा वेळ घालवावा, अशी आग्रहाची शिफारस तिथे आहे. मात्र स्वतःहून निवडलेली सहल म्हणजे गंभीर कारण नव्हे, असं बरेच धर्मगुरू म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही. योग्य कारण असेल तर सूट देण्याचा अधिकार कलम १२४५ प्रमाणे आपल्याच पॅरिशच्या धर्मगुरूंना आहे. म्हणून निघायच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच त्यांना भेटा. परत आल्यावर कबुलीत सांगू, हा हिशेब धरून निघू नका.

वाटेवरच्या उपासनेसाठी नाताळच्या तीन मिस्सांची वाचनं तयारच आहेत आणि ती चालण्याच्या दिवसावर चपखल बसतात. रात्री यशया ९, स्तोत्र ९६ आणि लूक २:१-१४. उजाडताना स्तोत्र ९७ आणि लूक २:१५-२०, म्हणजे मेंढपाळ उठून बेथलेहेमला निघतात तो भाग. दुपारच्या मोठ्या विसाव्याला स्तोत्र ९८ आणि योहान १:१-१८. प्रत्येक वेळी एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, तीन-चार मिनिटं गप्प बसायचं, मग विनंत्या, ‘हे आमच्या बापा’ आणि एक गीत. पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. थंडीत याहून लांबवलं की लक्ष वाचनात न राहता बोटांत राहतं.

वाचनं फोनवर ठेवू नका. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि हातमोज्यांनी पडदा सरकत नाही. १६ किंवा १८ आकाराच्या ठळक अक्षरात दोन पानांवर छापा आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. प्रती दोन काढा, एकीवर दोघांनी डोकं घातलं की हेडलॅम्पची सावली अक्षरांवर पडते.

मेणबत्ती तंबूत लावायची नाही. तंबूचं कापड काही सेकंदांत पेट घेतं आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. निवाऱ्यातही काचेच्या कंदिलात, दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवून. गव्हाणीचा देखावा न्यायचा असेल तर काडेपेटीत मावेल असा तीन मूर्तींचा न्या. गाढव घरी राहिलं तरी चालेल, लूकच्या वृत्तांतात ते नाहीच.

एक सुचवणी. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी ‘हे ज्ञाना’पासून ‘हे इम्मानुएल’पर्यंतच्या सात आळवण्या म्हणायची जुनी प्रथा आहे. घरीच १७ला सुरू करा. तारखा बदलल्या नाहीत तर शेवटच्या दोन वाटेवर होतील आणि प्रवासाला मागून एक धागा राहील.

---

उंचसखल

उपासनेचं वर आलंच आहे, मी पायांचं बोलतो.

तुमचा दिवस कागदावर मांडा. नाइस्मिथचा १८९२ सालचा नियम सांगतो की सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, त्यावर दर ६०० मीटर चढाला एक तास. १२ किलोमीटर आणि ६०० मीटर म्हणजे ३ तास २४ मिनिटं. हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. साठीतल्या जोडीने पाठीवर वजन घेऊन सलग पाच दिवस चालायचं तर दीडपट धरा, पाच तासांच्या वर जातं. थांबे, वाचन, फोटो यांचा सव्वा तास धरला की साडेसहा तास. आता दिवस किती मोठा ते बघा. डिसेंबरच्या शेवटी २० अंश उत्तर अक्षांशावर सुमारे ११ तास उजेड मिळतो, ५० अंशांवर जेमतेम ८. दक्षिण गोलार्धात ही अडचणच नाही, तिथे तेव्हा सर्वांत मोठे दिवस. सूर्य मावळण्याच्या दोन तास आधी मुक्कामी पोचायचं असं धरून सकाळची निघायची वेळ मागे मोजत या. ५० अंशांवर साडेसहा तास त्या चौकटीत बसतच नाहीत. तिथे १२ऐवजी ८ किलोमीटरचे टप्पे करा.

वेगातला फरक. हळू चालणारा पुढे, नेहमी. वेगवान माणूस पुढे असला की वळणावर थांबतो, मागचा पोचला की लगेच निघतो. म्हणजे विसावा ज्याला हवा त्याला तो कधी मिळतच नाही, आणि तिसऱ्या दिवशी भांडण होतं ते याच कारणाने. दर ५० मिनिटांनी दहा मिनिटं दोघांनीही सॅक उतरवून बसायचं. वजन निम्मंनिम्मं वाटू नका, ताकदीप्रमाणे वाटा. दोघांपैकी कुणाच्याही पाठीवर स्वतःच्या वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त नको. ६० किलोच्या माणसाला ९ किलो, त्यात पाणीही आलं. जमत नसेल तर मुळात सामान जास्त आहे.

पण एक वाटणी ताकदीवर करायची नाही. पाणी, स्वतःच्या गोळ्या, एक गरम थर, हेडलॅम्प, शिटी, नकाशाची प्रत आणि थोडं खाणं हे प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्येच. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्यांची नेमकी इथे फसगत होते. सवयीने एकाकडे सगळे कागद, दुसऱ्याकडे सगळी औषधं, आणि धुक्यात दोनशे मीटरची चुकामूक झाली की दोघंही अर्धेच उरतात. लूक २:४४ मध्ये मरीया आणि योसेफही ‘तो सोबतच्या लोकांत असेल’ असं समजून एक दिवसाची वाट चालून गेले. फाटा आला की मागचा येईपर्यंत तिथेच थांबायचं, अपवाद नाही. संकटाची खूण एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तराच्या शिट्या मिनिटाला तीन.

गुडघे. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. तो थकला की भार गुडघ्यावर येतो. म्हणून तयारी चढण्याची नव्हे, उतरण्याची करा. निघण्याआधी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा जिने सावकाश उतरा. पहिले दोन आठवडे रिकाम्या पाठीने, मग २ किलो, शेवटी प्रत्यक्ष न्यायचं तेवढं वजन. शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी सलग दोन दिवस चाला, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. काठ्या दोन घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतारावर ५ ते १० सेंटिमीटर जास्त. आणि उतारावर लांब टांगा टाकू नका.

रक्तदाबाची गोळी कोणती ते महत्त्वाचं. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी) असेल तर नाडी फार वाढतच नाही, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवर श्रमाचा अंदाज बांधू नका. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, ही कसोटी धरा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी कमी पिऊन भागवायचा मोह होतो, त्याने चक्कर येते. थंडीत चढ चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ आली तर तो दिवस तिथेच संपला, मदत मागवायची. सहा आठवडे आधी दोघांनीही डॉक्टरांना भेटा आणि वाटेची उंची, तापमान, रोजचे तास लिहून दाखवा. ‘थोडं फिरायला जातोय’ एवढंच सांगितलं तर सल्लाही तेवढाच मिळेल. २,८०० मीटरला डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. तशा त्रासात वर जायचं नाही, वाढला तर खाली उतरायचं.

रात्र. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात. आयएसओ २३५३७ या मानकात ‘कम्फर्ट’ हा आकडा प्रमाण स्त्री धरून काढतात आणि ‘लिमिट’ प्रमाण पुरुष धरून. दोघांसाठीही कम्फर्टचाच आकडा वाचा आणि अपेक्षित थंडीच्या ५ अंश खालचा घ्या. दोन बॅगा जोडायच्या असतील तर चेन एकाच प्रकारची हवी, एकीची डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे. जोडल्यावर मानेपाशी फट राहते तिथून ऊब निसटते, एक जाड मफलर खांद्यांवर आडवा टाका. खालच्या मॅटचं आर-मूल्य (ती थंडी किती अडवते त्याचं माप) शून्याखालच्या रात्रीला ४च्या वर असू द्या. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर मूल्यांची बेरीज होते. उपदेशक ४:११ मध्ये दोघं एकत्र निजले तर ऊब येते असं आहे ते खरंच, फक्त जमिनीतून येणाऱ्या थंडीबद्दल त्यात काही नाही.

---

अंगणातला_तारा

आणाभाकांबद्दल. कॅथलिक समजुतीत विवाहाची संमती एकदा दिली की दिली, ती पुन्हा द्यायची नसते. म्हणून लग्नाच्या वाढदिवसाच्या विधीतली वाक्यं लग्नाच्या वाक्यांसारखी नाहीत. ‘मी तुला स्वीकारतो’ असं तिथे नाही. ‘प्रभो, तुझ्या कृपेने मी हिला पत्नी म्हणून स्वीकारलं, तू धन्य आहेस’ अशा आशयाचं आधी पती म्हणतो, मग पत्नी, आणि मग दोघं मिळून सुखादुःखात साथ दिल्याबद्दल देवाचे आभार मानतात. बोलायचं देवाशी असतं. दोघांनीच डोंगरावर म्हणायला हे अगदी योग्य आहे, धर्मगुरू नसले तरी. आशीर्वादाचा भाग मात्र चर्चमध्ये घ्या. पवित्र कुटुंबाच्या सणाला बऱ्याच ठिकाणी जोडप्यांना आशीर्वाद देतात, महिनाभर आधी विचारून ठेवा. मध्यरात्रीच्या मिस्सेत ते घुसवायला सांगू नका, त्या रात्री वेदीपाशी आधीच पुष्कळ काही चाललेलं असतं. हा सण १९२१ साली सगळ्या ख्रिस्तसभेसाठी लागू झाला आणि नाताळनंतरच्या रविवारी आला तो १९६९च्या फेररचनेत. वाचन तीन वर्षांच्या चक्राने बदलतं. एका वर्षी इजिप्तला पलायन, एका वर्षी मंदिरात शिमोन आणि हन्ना, एका वर्षी वर ‘उंचसखल’ यांनी सांगितलेली चुकामूक. तिन्हींत हे कुटुंब घराबाहेरच आहे.

अंगठ्यांचं कुणी सांगत नाही. हात खाली सोडून तासन्‌तास चाललं की बोटं सुजतात आणि अंगठी रुतते. थंड पाण्यात हात घातला की बोटं बारीक होतात आणि तीच अंगठी निसटते. पहाटे अंगठी हवी असेल तर मजबूत दोरीत ओवून गळ्यात, कपड्यांच्या आत ठेवा.

आता दोघांची प्रार्थना. एकाला मोठ्याने बोलून प्रार्थना करायला आवडतं, दुसऱ्याला गप्प बसायला. तीस-पस्तीस वर्षांनीही हे बदलत नाही आणि बदलायचं कारणही नाही. सकाळचा पहिला तास न बोलता चाला, मग ज्याला बोलायचं त्याने बोलावं. संध्याकाळी दहा मिनिटं, प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: आज कशाबद्दल आभार, कुठे चिडलो, उद्या काय मागायचं. दुसऱ्याचं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. आणि प्रार्थनेच्या आडून टोमणा नको. ‘प्रभो, यांना जरा धीर दे’ ही यांच्यासाठीची प्रार्थना नसते, ती यांना ऐकवलेली असते.

मागे फिरण्याचा नियम घरीच ठरवा. दोघांपैकी एकाने ‘फिरू या’ म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही. वाद घालायचाच तर खाली पोचल्यावर. शिवाय रोजच्या टप्प्याची एक घड्याळाची वेळ लिहून ठेवा: दुपारी १ वाजेपर्यंत खिंड आली नाही तर परत. हा नियम नसला की दोघंही एकमेकांचं मन राखत पुढे जात राहतात. त्याला दोघंही त्याग समजतात आणि त्यातूनच अंधार होतो. नवीन जोडप्यापेक्षा जुन्या जोडप्याला हा धोका जास्त.

मुलांचं: त्यांना प्रवासात काम द्या. वाटेचा तक्ता, मुक्कामांची नावं, रोज निरोप यायची वेळ, आणि ती वेळ टळून किती तासांनी कुणाला फोन करायचा, हे सगळं एका मुलाच्या हाती लेखी द्या. भेटवस्तू आणि जेवण ६ जानेवारीला ठेवा, ज्ञानी लोकांनीही त्यांच्या भेटी उशिराच आणल्या होत्या.

---

सांजसकाळ

दोन पुरवण्या. वरच्या उत्तरात मधुमेहाचं आलं नाही. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. दिवसा अंगालगतच्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगेत. साखर मोजायचं यंत्रही तसंच ठेवा, फार थंडीत ते आकडा दाखवत नाही किंवा चुकीचा दाखवतो.

आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या दुप्पट घ्या. वाऱ्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून काठीने दोनदा दगडावर आपटणं म्हणजे ‘थांब’, अशी खूण आधीच ठरवा.

---

पाठपिशवी

सगळ्यांचे आभार. २६चा पर्याय घरात मांडला, मुलं खूश, पण निवारे २६नंतर बंद असल्याचं कळलं. त्यामुळे तारखा त्याच. वाट मात्र उलट दिशेने धरली तर २४चा मुक्काम एका गावापासून ४ किलोमीटरवर येतो. वाट रुंद आहे, चढ जवळजवळ नाही आणि तिथल्या चर्चमध्ये रात्रीची मिस्सा असते. रात्री चालत जाऊन परत यावं का?

---

उंचसखल

जावं, अटींवर. तीच वाट २४ला दुपारी उजेडात एकदा पाहून घ्या, निदान अर्धी. पुलावर किंवा दगडांवर रात्री बर्फाचा पातळ थर धरतो आणि दिव्याच्या उजेडात तो ओल्यासारखा दिसतो. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे जवळ ठेवा. दिवसा ४ किलोमीटरला सव्वा तास लागत असेल तर रात्री पावणेदोन धरा. हेडलॅम्प दोन, तिसरा सुटा, बॅटऱ्या खिशात. आणि त्या दिवसाचा टप्पा ६ किलोमीटरपर्यंत कापा, नाहीतर रात्रीचे ८ त्यात मिळून २०च्या घरात जातात. २५ला सकाळी दहापर्यंत झोपा, तो दिवसही छोटाच ठेवा.

---

चौथी_मेणबत्ती

वेळ आधी विचारून घ्या. ‘मध्यरात्रीची’ म्हणतात ती मिस्सा अनेक ठिकाणी रात्री ९ किंवा १०लाच असते, आणि बारा वाजता पोचणाऱ्याला कुलूप दिसतं.

उपवासाची काळजी नको. ख्रिस्तशरीर (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधी एक तास खाऊ नये, एवढाच नियम आहे. तास मिस्सा सुरू होण्यापासून नव्हे, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापासून मागे मोजायचा. पाणी आणि औषध चालतं. वयस्कर आणि आजारी माणसांना त्यातूनही सवलत आहे. म्हणजे वाटेत शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत काहीतरी गोड चघळत जाता येतं.

खरा त्रास घामाचा होतो. पावणेदोन तास चालून अंग भिजतं, मग दगडी चर्चमध्ये तास-सव्वा तास बसून राहायचं. प्रवचनाच्या सुमारास हुडहुडी भरते आणि परतीच्या वाटेवर पाय आखडतात. जाताना मुद्दाम सावकाश आणि एक थर कमी घालून चाला. सॅकमध्ये दोघांसाठी कोरडा आतला सदरा आणि मोजे ठेवा, चर्चच्या बाहेरच आडोशाला बदला आणि मगच आत जा. बसायला मॅटचा एक तुकडा कापून न्या, थंड बाकाने कंबर धरते. वीस मिनिटं आधी पोचा, म्हणजे बदलायला वेळ मिळेल आणि दाराजवळची, वाऱ्याची जागा टळेल. धर्मगुरूंना आधी निरोप दिलात तर परतीच्या वाटेवर तुम्ही दोघं आहात हे गावात कुणाला तरी माहीत असेल. तेही हवंच.